मानेवरचा काळा पट्टा

आमच्या घरात दर रविवारी लेकीची मान घासली जायची. सासूबाई तिला न्हाणीत पाटावर बसवायच्या, केस वर बांधायच्या आणि डाळीचं पीठ, दही, हळद लावून मानेची मागची बाजू अशी काही चोळायच्या की पोरगी कळवळायची. "निघंना झालंय. शाळंत कुठं लोळतीस गं?" असं वर विचारायच्या. ती म्हणायची, लोळत न्हाय. की आणखी थोडं पीठ.

काळं निघत नव्हतं. मान लाल व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पट्टा होता तिथं. तिसरीतली पोर. वर्गातल्या मुली तिला आंघोळ करतेस की नाही असं विचारायच्या, म्हणून ती वेण्या घालायला नको म्हणायची. भर उन्हाळ्यात केस मोकळे सोडून शाळेत जायचा हट्ट, आणि रोज सकाळी आमची त्यावरून जुंपायची.

गडमुडशिंगीत घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर आहे. म्हणजे मान हा माझ्या धंद्याचाच विषय. लग्न ठरलेल्या मुली येतात आणि म्हणतात, ताई, फोटोत मान काळी दिसतीय, कायतर करा. मी ब्लीच करून द्यायची. एवढ्याशा पोरीला ब्लीच लावायचा मात्र मला धीर झाला नाही. गळ्यातल्या खोट्या माळांनी होत असेल, असं मी धरून चालले होते. सासूबाईंच्या मते ती घाण. नवऱ्याच्या मानेवरही तसाच पट्टा, पण तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. "साच्याची काळी वाळू हाय ती. फौंड्रीतल्या माणसाची मान गोरी असती व्हय?" म्हणून तो मोकळा. ज्याच्या त्याच्याकडं कारण तयार होतं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली होती. या बाळासाठी काचेची पेटी बघायची नाही.

लेक जन्मली ती चांगली दांडगी. नर्सनं बाहेर आणून दाखवली तेव्हा सगळी भावकी खूश. "पैलवान आलीय की!" म्हणत नवऱ्यानं पेढे वाटले. खाली पेढे वाटून व्हायच्या आत वर बाळाची साखर उतरली, आणि तिला उचलून काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं. एवढ्याशा हाताला सुई. मी टाके घातलेल्या पोटावर हात धरून काचेबाहेर उभी, आणि मला तिला घेता येत नव्हतं. का झालं म्हणून विचारलं तर मोठ्या बाळांचं होतं असं, एवढंच कुणीतरी म्हणालं. मोठं बाळ का झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगायचं त्यांना.

यावेळी ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं आणि साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई जुने कागद चाळून म्हणाल्या, मागच्या वेळीही बहुतेक वाढली असणार, लक्षात आली नसेल. मला रडू आलं नाही. संताप आला. इतकी वर्षं मी त्या पेटीला नशीब म्हणत होते.

त्याच हॉस्पिटलात एका खोलीत संशोधनाचं काम चालायचं. आई-बापाचं वजन, गरोदरपणातली साखर आणि पुढं मुलांची तब्येत, यांचा एकमेकांशी काय संबंध लागतो ते बघायचं काम. तिथल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी मला विचारलं, सामील होणार का? मी लगेच हो म्हटलं. पुढच्या खेपेला मुलीला आणि मिस्टरांना घेऊन या, त्यांचंही वजन आणि रक्त लागेल, असं त्यांनी सांगितलं. मिस्टर आले नाहीत. कामाची पाळी बदलून मिळत नाही म्हणाले. लेक आली.

डॉक्टरनी तिची उंची घेतली, वजन घेतलं, बोटाला टोचून साखर बघितली, आणि मग केस बाजूला करून मान बघितली. पोरगी गडबडीनं म्हणाली, "मी आंघोळ करून आलीय. आजीनं घासलीय पण."

डॉक्टर तिच्यासमोर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "ही घाण नाही, बाळा. घासून जाणार नाही. आता कुणी घासायचं नाही, मी सांगितलंय म्हणून सांग." मग मला समजावून सांगितलं. रक्तातली साखर अंगात मुरवायचं काम इन्सुलिन करतं. शरीर त्याचं ऐकेनासं झालं की ते जास्त जास्त तयार होतं, आणि मग काहींच्या मानेची, काखेतली कातडी जाड आणि काळी पडते. मुलीला आज मधुमेह नाही, पण तिचं शरीर सांगतंय की लक्ष द्या. मी विचारलं, माझ्यामुळं झालं का? त्या म्हणाल्या, एकट्या आईमुळं काही होत नसतं. बापाचं वजन, घरातलं खाणं, हालचाल, रक्तातून आलेलं, सगळं मिळून असतं. कशाचा वाटा किती, हे आम्हालाही अजून नीट माहीत नाही, म्हणून तर बोलावतोय तुम्हा सगळ्यांना.

परत येताना लेक बसमध्ये खिडकीशी बसली होती. तिनं दोन्ही हातांनी केस वर धरले होते आणि मानेला वारा लागू देत होती. तिथंच माझं ठरलं. या दोन पोरांसाठी मला जे करावं लागेल ते मी करणार, आणि घरातल्या सगळ्यांना करायला लावणार.

घरी सांगितलं तर नवरा हसला. "बाळंत तू हुणार का मी? माझं वजन करून काय बाळ हलकं हुतंय व्हय?"

मी म्हटलं, "हिची मान बघा आणि आरशात स्वतःची बघा."

"सांगितलं न्हवं, वाळू हाय."

आमचा आवाज चढला. सासूबाई म्हशीची धार काढून आल्या होत्या, दुधाची चरवी हातातच होती. त्यांनी ती खाली ठेवली, डोक्यावरचा पदर काढला आणि दिव्याखाली मान वाकवली. आमच्या कुणाच्याच मानेवर नव्हता इतका रुंद पट्टा. जाड, काळा, खरबरीत. एवढ्या वर्षांत मी तो बघितला नव्हता, कारण त्यांचा पदर कधी ढळलाच नव्हता.

"लगीन झाल्यावर दोन-तीन सालांत आला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, उसाच्या मोळ्या वाहून वाहून उन्हानं करपली मान." सासूबाईंना साखरेच्या गोळ्या चालू होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या आणि मान या दोन गोष्टी एकाच अंगावर होत्या, पण त्यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. मग त्या लेकाकडं वळल्या. "दिवाळीला आठ दिस फौंड्री बंद असती. तवा का निघत न्हाय रं तुझी वाळू?"

नवऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडं गेला. सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या मानेवरून नुसता हात फिरवला. "लई घासलं गं तुला," म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात नवरा वजनकाट्यापुढं उभा होता. आधी चप्पल काढली. मग कमरेचा पट्टा, मग मोबाईल, मग गाडीच्या किल्ल्या. शर्टाच्या गुंडीला हात गेला तसं डॉक्टर म्हणाल्या, दादा, शर्ट असू दे. त्याचीही साखर काठावर निघाली. परत येताना वडापावच्या गाड्यापाशी मोटरसायकल सवयीनं हळू झाली, आणि मग तशीच पुढं गेली.

मग कामाला लागलो. स्वयंपाक तोच, ताटातला क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि घासभर. बिनसाखरेच्या चहाला सासूबाई गुरांचं औषध म्हणायच्या, पण प्यायच्या. जेवण झालं की सगळे मिळून उसाच्या कडेच्या रस्त्यानं चालायला. लोक विचारायचे, "घरदार घिऊन कुठं निघालाय?" नवरा म्हणायचा, "वजन सोडायला." लेक सगळ्यांच्या पुढं धावायची.

डोहाळजेवणाची मला धास्ती होती. आमच्याकडं प्रत्येक बाई गरोदर बाईच्या तोंडात गोडाचा घास घालणार, आणि नको म्हणणं म्हणजे अपमान. पण त्या दिवशी सासूबाई माझ्या पाटाशेजारी जणू पहारा बसवल्यासारख्या बसल्या. "ओटी भरा, फुलं माळा. तोंडात कायबी घालायचं न्हाय." एक चुलत सासू रुसून उठली. ती बारशालाच बोलली.

पार्लरमध्येही मी तोंड उघडलं. मानेला ब्लीच मागायला कुणी आलं की म्हणायला लागले, करते, पण एकदा रक्त तपासून घे. एकजण चिडून गेली, तुम्ही डॉक्टर हाय व्हय म्हणाली. दुसरी तपासून आली.

एवढं करूनही शेवटच्या दोन महिन्यांत इन्सुलिनची सुई लागलीच. त्या दिवशी मी खचले, खोटं कशाला बोलू. डॉक्टर म्हणाल्या, चालणं आणि खाणं वाया गेलेलं नाही, उरलेलं काम सुई करेल. मी सुई टोचायला शिकले. पोटावर सुई घेताना पोटातल्याला सांगायची, तू फक्त बाहेर ये, पुढचं आपण बघू.

मुलगा झाला. मध्यम वजनाचा. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, बारकं हाय की. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "बारकं न्हाय. बेतशीर हाय." बाळाच्या टाचेला टोचून रक्त घेतलं, पुन्हा घेतलं, आणि प्रत्येक वेळी मी नर्सच्या तोंडाकडं बघत होते. साखर उतरली नाही. पेटी लागली नाही. नर्स त्याला माझ्या कुशीत ठेवून निघून गेली आणि मी पोटभर रडले.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी सासूबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या. लेक शेजारी उकिडवी बसली होती, केसांच्या दोन वेण्या घालून. तिचा पट्टा थोडा फिकट झालाय, गेलेला नाही. तिनं बाळाच्या मानेची वळी बोटानं हळूच उघडून आत बघितलं.

"हितं काय न्हाय," ती म्हणाली.

मी तिला खरं ते सांगितलं. आत्ता दिसत नसतं. मोठा झाल्यावर कळेल, म्हणून तर डॉक्टर तुम्हा दोघांना दरवर्षी बोलावणार आहेत.

तिनं थोडा विचार केला. कोपऱ्यात डाळीच्या पिठाची वाटी होती, ती तिनं हातानं लांब सरकवली.

"मग आपुन दर रविवारी बघूया की," ती आजीला म्हणाली. "घासायचं न्हाय. नुसतं बघायचं."