वेबसाइटच्या वाचनखुणा

ऑफिसातले किस्से घरी सांगायला कोणी नसलं, की ते साठत जातात. बायको गेल्यापासून तारनाक्याच्या दोन खोल्यांत मी एकटाच. त्यामुळे आमच्या म्युझियमचे हे किस्से इतकी वर्षं माझ्याकडेच पडून राहिले.

हैदराबादेत तेव्हा गल्लोगल्ली इंटरनेटच्या पाट्या लागत होत्या. आमच्या छोट्याशा म्युझियमचीही वेबसाइट झाली. फक्त ऑफिसात इंटरनेट नव्हतं! डायरेक्टरसाहेब म्हणाले, लोकांना कळायला तर हवं. मग पोस्टरं, तिकिटांची मागची बाजू, वाचनखुणा, जिथे जागा मिळेल तिथे वेबसाइटचा पत्ता छापायचं काम माझ्याकडे आलं.

*

पहिलं पोस्टर अफझलगंजच्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे दिलं. उर्दू पाट्यांचा उस्ताद माणूस. त्याने वेबसाइटचा पत्ता सुरेख उर्दूत, उजवीकडून डावीकडे रंगवला. मी म्हटलं, हा इंग्रजीतच लागतो. ब्रश पुसत तो म्हणाला, "अंग्रेजी में लिखे तो अपने लोगां कैसा पढ़ते साब?"

ते पोस्टर मी परत केलं नाही. घरी आणून भिंतीला लावलं.

*

मग रिक्षांच्या मागे कागद चिकटवले. आठवड्याने एक रिक्षावाला वैतागून आला. लोक त्याला तो पत्ता विचारून हैराण करत होते. "ये डब्लू डब्लू डब्लू कौनसे मोहल्ले में पड़ता, एक बार बोल देव."

मी त्याला आत नेऊन म्युझियमच दाखवलं. दोन तास रमला. त्या दिवशी दुसरं कोणी आलंच नाही.

*

वेबसाइट किती वेळा उघडली त्याचा आकडा खाली दिसायचा. रोज एकाने वाढायचा. मी तो रोज सकाळी साहेबांना सांगायचो. साहेब खूश. मीही तारनाक्याच्या सायबर कॅफेत संध्याकाळी जाऊन तो समाधानाने बघायचो.

एकदा काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, वो एक तो आपीच हैं ना?"

*

म्युझियम बघायला आलेल्या सिकंदराबादच्या मालतीबाई वाचनखूण हातात घेऊन म्हणाल्या, "भाऊ, हे अमेरिकेत दिसतं?"

दिसतं, म्हटलं. त्यांचा मुलगा तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. फोन क्वचित यायचा. बाईंनी मूठभर वाचनखुणा नेल्या आणि दर पत्रात एक घालायला लागल्या. पुढे विचारलं, त्यात माणसं दिसतात का? मी सांगितलं, फक्त वस्तू.

नव्या फोटोंसाठी फोटोग्राफर यायचा होता, ते माझ्याकडूनच त्यांना कळलं. त्या दिवशी बाई इरकली नेसून हजर. आमच्या पुरुषभर उंचीच्या पितळी समईशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. फोटोग्राफर म्हणाला, अम्मा, बाजूला व्हा. मी म्हटलं, "राहू दे." समईची उंची कळावी म्हणून माणूस उभं केलंय, असं साहेबांना सांगितलं. फोटो वेबसाइटवर चढला.

काही महिन्यांनी बाई यायच्या थांबल्या. माझ्याकडे त्यांचा पत्ता नव्हता.

वर्षभराने वेबसाइटवर पहिला अभिप्राय आला. अमेरिकेहून, इंग्रजीत, एकच ओळ. समईचा फोटो कृपा करून बदलू नका.