पिवळ्या चादरीचा उजेड

"थांबा, रंग येऊ द्या," असं म्हणून काका हाताचा तळवा उन्हात धरायचे आणि त्याकडेच बघत राहायचे. मालेगावात त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. तुम्हीही असे कॅमेरेवाले पाहिले असतील. पण अख्खं वऱ्हाड खोळंबवून उन्हाची वाट बघणारा मी हा एकच पाहिला. एकदा नवरदेवाचे मामा वैतागले, "मुहूर्त टळून राह्यला, आन् याले रंग पाह्यजे." काका शांतपणे म्हणाले, "मामा, तुमच्या फेट्यासाठीच थांबलो." मामा फेटा सारखा करून उभे राहिले.

मेडशीला माझ्या ताईचं लग्न होतं. आमच्याकडे विधवेनं हळद लावायची नसते. त्यामुळे बाबा गेल्यापासून आई अशा वेळी मागेच राहते. त्या दिवशीही ती मागच्या दारात खुर्चीवर बसली होती. काकांनी तिच्या पायाशी, उन्हात, एक पिवळी चादर अंथरली. मला वाटलं, पाहुण्यांना बसायला असेल.

रोज कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात एडिटिंग शिकायचे. ताईच्या लग्नाची फिल्म माझ्याकडेच आली. आईचा चेहरा पिवळा दिसत होता. कॅमेऱ्याची चूक समजून मी तो रंग काढून टाकला आणि मोठ्या हौसेनं काकांना दाखवलं.

त्यांनी आईच्या चेहऱ्यावर फिल्म थांबवली. मग म्हणाले, "काहून काढला व? मीच पाडला होता तो, चादरीवरून. तिले हळद लावू देत नाहीत. उजेड तं पडू दे."

मी रंग परत आणला. फिल्म बघताना आईनं स्वतःच्या गालाला हात लावला. नंतर दुकानातल्या जुन्या फिल्म पाहिल्या, तर दाराशी बसलेल्या अशा कितीतरी आया सापडल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच पिवळा.

पुढे मी सिनेमा शिकायला गेले, तिथे वर्गात एखाद्या दिग्दर्शकाच्या रंगांविषयी लिहायला सांगितलं. सगळ्यांनी मोठी नावं घेतली. मी काकांवर लिहिलं. चालेल की नाही, ठाऊक नव्हतं. आधी त्यांना वाचून दाखवणार होते. पण त्याच आठवड्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि काका गेले.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न झालं. कॅमेरा माझ्याकडे होता. हळद लागायची वेळ झाली, तशा काकू उठून मागच्या दारात जाऊन बसल्या.

मी दुकानातली ती चादर सोबत आणली होती. त्यांच्या पायाशी अंथरली. मांडवाची सावली अजून सरकली नव्हती, म्हणून थांबले. ऊन आलं, तशी काकूंनी खुर्ची जराशी पुढे ओढली आणि चेहरा चादरीकडे झुकवला.