घुबडाच्या कड्याची वाट

आमच्या शेळ्या टेम्पोत चढवल्या त्याच दिवशी मीही वस्ती सोडली. कन्नड तालुक्यात, अभयारण्याला लागून आमची वस्ती. रानात चराई बंद झाली आणि एवढी जनावरं सांभाळणं बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, जमेना. दोन शेळ्या तेवढ्या दारात ठेवल्या. मला एसटीत बसवताना माय म्हणाली, "रान वाचंल गं, पर आपुन कुटं जावं?"

मी शहरात, हर्सूलला आले. खोली घेतली, शेंद्र्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला लागले. शिफ्ट, कंपनीची बस, ओव्हरटाइम हे शब्द तोंडात बसले. फोनवर मायला 'टेन्शन घेऊ नको' म्हणायचे आणि दिवसभर ते मीच घ्यायचे. मागं राहिलेल्यांना वाटलं असेल, ही सुटली. पण वस्तीवरून फोन आला की काहीतरी बिघडलेलं असायचं, आणि मी सुट्टी टाकून पळत जायचे. जंगलाचा तर मला रागच होता. त्याला जपायचं म्हणून आमचा कळप गेला, असंच वाटायचं.

पुढं वस्तीजवळचा धबधबा बघायला शहरातून गाड्या येऊ लागल्या. वाट दाखवणारे बाहेरचे, जेवण पुरवणारे बाहेरचे. आमच्या बायकांच्या वाट्याला बाटल्या वेचणं. एका ग्रामसभेत माय उभी राहिली आणि म्हणाली, रान आम्हाला ठावं हाय, दाखवायला भाईरचा माणूस कशाला? हे मला बापूंनी फोनवर सांगितलं. वनखात्याबरोबर बऱ्याच बैठका झाल्या. अखेर वाटाड्याचं काम वस्तीतल्या बायकांकडं आलं, जेवण आमच्याच चुलींवर होऊ लागलं. डोंगराच्या एका अंगाला चराई सुरू झाली. दुसऱ्या अंगाला गवत कापून आणायचं, पण जनावर घालायचं नाही.

हे टिकेल यावर माझा काही विश्वास बसेना. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी न सांगता गेले आणि मायच्या मागं पाहुण्यांच्या रांगेत चालू लागले. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं. कुठल्या झाडाची साल अस्वल ओरबाडतं, हे ती परक्या माणसांना न लाजता सांगत होती.

कड्याजवळ तिनं सगळ्यांना थांबवलं. खाली धबधब्याचं कुंड होतं, पण वाटेवरच्या कपारीत घुबडाची पिल्लं होती. चार-पाच जणांना फोटोसाठी खाली जायचंच होतं. आम्ही तिकीट काढलंय, ते म्हणाले. एकानं तर तुझी तक्रार करतो असंही सुनावलं. मी मायचा हात धरून हळूच म्हटलं, जाऊ दे त्यांना, काम जाईल तुझं.

माय हलली नाही. "पिल्लं उडूस्तोवर ही वाट बंद हाय. मी सोडनार नाय," ती म्हणाली.

ती माणसं तणतणत अभयारण्याच्या फाटकावर गेली. आम्ही पोचलो तेव्हा वनरक्षक साहेब त्यांचं ऐकून घेत होते. मला वाटलं, झालं, संपलं. साहेबांनी मायला विचारलं, वाट बंद केली का? माय व्हय म्हणाली. मग ते त्या लोकांकडं वळून म्हणाले, "बाईंनी बंद सांगितली म्हणजे बंद. इथं त्यांचंच ऐकायचं."

मी तिथल्याच दगडावर बसले आणि खूप रडले. इतकं हलकं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. चराईबंदीचा सल अजून आहे, तो जाणार नाही. विकलेला कळप काही परत आला नाही. पण पलीकडच्या उतारावर बापू आता सहा शेळ्या घेऊन उभे दिसत होते, आणि वाट बंद करणारी माझी माय होती.

निघताना ती म्हणाली, "आता सुट्टी टाकून पळत येत जाऊ नको. यायचं तर ऱ्हायला ये."

इतकी वर्षं मी घरी गेले ती काहीतरी निस्तरायला. काही बिघडलेलं नसतानाही जावंसं वाटतं, ते माझ्यासाठी आता घर. पुढच्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकलीय. अर्जात कारण विचारलं होतं. मी लिहिलं, 'सहज.'