मुठीतला पाहुणा

पुसदच्या बसस्टँडबाहेरचा तो रसवंतीवाला उसाच्या रसाचा ग्लास पुढे करायचा आणि सोडायचाच नाही. आपण ओढायचं, तो हसायचा.

"सोडून राह्यलो भाऊ, हात ऐकून नाही राह्यला!"

एकदा आवळलेले स्नायू लवकर सैल होत नाहीत, असा त्याचा जन्मापासूनचा दुर्मिळ आजार. आधी पाच-दहा वेळा मुठीची उघडझाप केली, की हात सुरळीत चालायचा. गावाचं निदान मात्र सोपं होतं: माणूस कंजूस आहे, ग्लाससुद्धा सोडवत नाही.

मग अशा आजारांच्या जनजागृतीचा कार्यक्रम झाला. पाहुणे म्हणून आलेले आरोग्य खात्याचे साहेब तासभर बोलले. आजाराचं नाव मात्र त्यांना कागदावरूनही वाचता आलं नाही. शेवटी फोटोसाठी रसवंतीवाल्याला मंचावर बोलावलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत तो केव्हाचा मुठीची उघडझाप करत बसला होता.

हात मिळवला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. पाहुण्यांचा हात काही सुटेना.

"आजारच तसा हाय साहेब. तवरक आयका," म्हणत त्याने गोळ्यांसाठी नागपूरला माराव्या लागणाऱ्या खेपा सविस्तर सांगितल्या. गोळ्या पुसदलाच मिळतील, असं पाहुण्यांनी माइकवर कबूल केलं, तेव्हा कुठे हात सुटला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तुम्ही तं मूठ मोकळी करूनच मंचावर गेलते!"

त्याने ग्लास पटकन माझ्या हातात सोडला.

"या आजारानं मले जनमभर धरून ठेवलं, भाऊ. याच्या नावावर मी साहेबाले पाच मिनिटं धरलं, तं काय बिघडलं?"