शनिवारी तपासलेलं प्रवचन

फादर सिरिल गेल्याचं मला चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सोलापूरकडच्या एका गावात ते होते. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून चहा घेत बसले असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली, तीत आमच्या भागातले नगरसेवकही होते. मीही हात जोडले. मग फोन पालथा ठेवला... त्यांना त्या गावी धाडणाऱ्यांत मी होतो.

कर्वेनगरच्या एका शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. फादर मंगळूरकडचे, घरात कोकणी बोलणारे. पुण्यात आले तेव्हा त्यांचं मराठी ऐकून पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याही रुमालाआड हसायच्या. पहिल्याच रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांनी मला गाठलं. "सर, आज किती चुका झाल्या?" मी म्हटलं, "मोजायचं सोडून दिलं, फादर." माणूस दुखावेल असं वाटलं होतं, पण ते खदखदून हसले. त्या आठवड्यापासून दर शनिवारी चार वाजता ते रविवारचं प्रवचन घेऊन माझ्याकडे यायला लागले. मी लाल पेन घेऊन बसायचो आणि ते समोर खारी बुडवून खात बसायचे. त्यांचे विचार साधे आणि सरळ असत. मी त्यांना धार लावायचो, आणि खरं सांगायचं तर त्यात मला फार मजा यायची. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून चारशे माणसं मान खाली घालून ऐकतात, याचा एक चोरटा आनंद होता.

एका वर्षी आमच्या भागात एका मुलीच्या बाबतीत फार वाईट घटना घडली. सगळेच संतापलेले. नगरसेवक आमच्याच चर्चचे, लहानपणी मिस्सेत फादरांना मदत करणारे वेदीसेवक होते. त्यांनी चर्चच्या भिंतीला लागून मोठा फ्लेक्स लावला, 'भर चौकात फाशी द्या', आणि खाली हात जोडलेला स्वतःचा फोटो. देहदंड कुणालाच देऊ नये, ही चर्चची शिकवण. फादरांनी फ्लेक्स काढायची विनंती केली. "फादर, धर्म आत. बाहेर आम्हाला मतं मागायची असतात," असं उत्तर आलं.

पुढचा रविवार झावळ्यांचा होता, ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन होतं, ज्यात सुभेदार पिलात गर्दीपुढे नमून येशूला मृत्युदंड देतो आणि आपला दोष नाही म्हणून हात धुतो. त्यातले गर्दीचे शब्द आम्ही सगळ्यांनी मिळून म्हणायचे असतात, "त्याला क्रुसावर खिळा!" आदल्या दिवशी फादरांनी आणलेल्या कागदावर एवढंच होतं, की गर्दीच्या सुरात सूर मिसळताना आपण जपायला हवं. मला ते मिळमिळीत वाटलं. मी खाली एक वाक्य जोडलं : 'पिलातानं निदान हात तरी धुतले, आपल्याकडे हात जोडून फोटो लावतात.' फादर दोनदा वाचून म्हणाले, "सर, जरा जास्त तिखट होतंय काय?" मी म्हटलं, "पुण्यात आहात. इथे सौम्य बोललेलं ऐकूच येत नाही."

रविवारी ते वाक्य पडलं आणि सगळ्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. नगरसेवक उठून निघून गेले. आठवड्याभरात चर्चच्या शाळेच्या नव्या मजल्याची परवानगी महापालिकेत अडकली. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय मंडळाची बैठक बसली. फादरांची बदली करावी असं पत्र बिशपांना द्यायचं ठरलं, आणि ते लिहायचं कुणी? मी सचिव, शिवाय मराठीचा मास्तर. एकानं विचारलंही, "इतकं नेमकं मराठी फादरांना सुचलं कसं हो?"  संशय येऊ नये म्हणून मी पत्र जरा जास्तच कडक लिहिलं आणि सगळ्यांच्या आधी सही ठोकली. बिशपांनी फादरांना बोलावून विचारलं, तेव्हा त्यांनी शब्द आपलेच आहेत असं सांगितलं. जूनमध्ये ते सोलापूरकडे गेले. निरोप समारंभाचं सूत्रसंचालनही मीच केलं...

वर्षभरानं धीर करून त्या गावी गेलो. पत्र्याची खोली, बाहेर शेवग्याचं झाड. एसटीत बसून माफीची वाक्यं जुळवली होती, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. आधी प्रवचनाचा कागद पुढे केला, "सर, हे बघा जरा." मी चुका दुरुस्त केल्या, वाक्य मात्र एकही घातलं नाही. शेवटी न राहवून विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंत?"

"वाचलं मी ना, सर. तोंड माझं होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "वाक्याचं काही नाही. पत्रावर पहिली सही तुमची बघितली, त्याचा त्रास झाला. अजून होतो." एवढं बोलून ते माझ्यासाठी चहा ठेवायला उठले. मी तो प्यायलो आणि परतीची गाडी पकडली. 'चुकलो' हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही.

येत्या रविवारी त्यांना जाऊन महिना होईल, त्याची मिस्सा आहे. परवा नगरसेवकांचा फोन आला. "सर, श्रद्धांजलीच्या चार ओळी लिहून द्या ना. फादर बोलायचे तशा, जरा टोकदार." मी हो म्हटलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडून होच निघालं. लिहायला बसलो तेव्हा हे एवढं लिहून झालं. मिस्सेनंतर आपण उभं राहावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, की ते वाक्य फादरांचं नव्हतं, माझं होतं, असं ठरवलं आहे. पण मी स्वतःला चांगला ओळखतो. रविवारी समोर नगरसेवक असतील, मंडळ असेल आणि मी पुन्हा हात जोडून बसून राहीन. म्हणून हे आधीच छापायला दिलं आहे.