बिनकिनारीची टेकडी

आमच्या पेंटरकाकांइतका सरळ माणूस सावली तालुक्यात दुसरा सापडणार नाही, आणि आपल्या सरळपणाचा इतका ताप लोकांना देणाराही दुसरा सापडणार नाही. स्वभावाने तर ते सरळ आहेतच, पण मी म्हणते तो सरळपणा रेघेतला. काका माझ्या वडिलांचे मित्र, आमच्या मोहल्ल्यातले शेजारी. चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. धान गिरण्या, किराणा दुकानं, शाळा, विहाराची कमान, सायकलच्या मडगार्डवरची नावं, काही म्हणून सोडलं नाही. खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणायची, मधोमध बोटाने उचलून सोडायची, की भिंतीवर पांढरी रेघ उमटायची. त्या रेघेच्या वर एक केसभर अक्षर गेलं तर काका जेवत नसत. कुणाच्या घरी गेले की चपला काढायच्या आधी त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोंवरून फिरायची. एकदा मयताच्या घरी भेटायला गेले, तर आधी हार घातलेला फोटो सरळ केला, दोन पावलं मागे जाऊन बघितला आणि मग खाली बसून लहान मुलासारखे रडले. माझ्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी मांडवावर लावलेल्या ‘सुस्वागतम्’मधला ‘त’ खाली घसरला होता. पाहुणे दारात उभे, आई ओवाळायचं ताट घेऊन उभी आणि काका शिडीवर. वडील खालून ओरडत होते, “अबे उतर ना बाप्पा, लोक उन्हात उभे हायेत!” काका वरून शांतपणे म्हणाले, “उभेच राहू दे. बसले तं ‘त’कडेच पाहतीन.”

काकांच्या लेखी जगात रंग नव्हते, खाती होती. पोस्टाचा लाल, शाळेचा पिवळा, विहाराचा निळा, जंगल खात्याचा हिरवा. काकूने नवीन लुगडं आणलं की ते म्हणायचे, “शाळेचा पिवळा हाय, पण दोन पावसाळे खाल्लेला.” फ्लेक्स आले आणि काकांचं काम हळूहळू बसलं, पण फ्लेक्सबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही. उलट त्यांना त्याची दया यायची. “दोन उन्हाळ्यात मरते बिचारा,” असं म्हणून ते रस्त्यावरच्या फाटक्या फ्लेक्सकडे एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे. काम नाही म्हटल्यावर त्यांनी घर रंगवायला घेतलं. तिखट, हळद, धने, डाळ, सगळ्या डब्यांवर ठसठशीत अक्षरं आली आणि प्रत्येक अक्षराला उजव्या हाताला काळी सावली. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ लिहून खाली बाणसुद्धा काढला. काकूने मला फोन केला. “अवं, याले कुठी तरी घेऊन जा ना. आता माह्या पाठीवर ‘काकू’ लिवून ठेवीन हा माणूस.”

मी तेव्हा भामरागडच्या पलीकडच्या एका लहानशा गावात शिक्षिका होते, सहा वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात मतदार याद्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, त्यामुळे सुटीत सावलीला जाता येणार नव्हतं. काकूचा फोन झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांचा आला. “बाई, मी येऊन राह्यलो तुह्याकडं. डोंगर काढतो म्हणतो.”

“डोंगर? तुम्ही चित्रं कधी काढलीत काका?”

“नाई काढली. पण ऐक ना. आजवर ‘भामरागड’ असं कितीक डाव लिवलं असन मी, आन् म्होरं बाण. लोकांले रस्ता दाखवला, मी गेलोच नाई. एक डाव पाहू तं दे, बाण कुठी जाते तं.”

मी ‘या’ म्हटलं. ते आले. बसमधून आधी रंगांचे सात डबे उतरले, मग ब्रशांची पेटी, मग ड्रॉइंगच्या कागदांची गुंडाळी, मग दोरी आणि शेवटी काका. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी खाट टाकली. गावासमोर एक टेकडी आहे. फार उंच नाही, पण गावाच्या अंगावर हात ठेवून बसल्यासारखी दिसते. काकांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, “हिरवा कुठी हाय?”

मे महिना होता. साग उघडे पडले होते, खालच्या कडेला कुसुमाच्या झाडांची लाल पालवी जुनी होत आली होती, बाकी सगळं राखाडी, तांबूस, कुठे जळक्या गवताचं काळं. काकांनी जंगल खात्याच्या हिरव्याचा डबा उघडला, टेकडीसमोर धरला, परत बंद केला. मग अगदी मनापासून म्हणाले, “ज्यानं हा रंग ठरवला, त्यानं जंगल उन्हाळ्यात पाह्यलंच नसन बाई.”

पहिल्या पंधरा दिवसांत काकांनी अकरा चित्रं काढली. अकराही चित्रांत टेकडी होती, आणि अकराही टेकड्या दुकानाच्या पाटीसारख्या दिसत होत्या. बाहेरून बोटभर जाड काळी किनार, आत सपाट रंग आणि उजव्या हाताला सावली. एका टेकडीखाली तर सवयीने ‘प्रोप्रायटर’ लिहिण्याइतकी जागासुद्धा सोडलेली होती. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. पहाटे सगळं गाव पानं तोडायला जायचं, दुपारी घरोघर पानांचे पुडे बांधायचं आणि संध्याकाळी ते पुडे मोकळ्या जागेत ओळीने वाळत घालायचं. काका त्या ओळी बघायला रोज जायचे. “दोरी न लावता!” असं मला सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. गावाला मात्र या माणसाचं काही कळेना. सगळं गाव घामाघूम होतंय आणि हा पांढऱ्या टोपीतला म्हातारा दिवसभर टेकडीकडे एक डोळा बारीक करून बघतोय. अंगणवाडीच्या ताई गावातल्याच. त्यांना गावची माडिया बोलीही येई आणि मराठीही. त्यांनी मला एकदोनदा विचारलं, “मॅडम, ते टेकडी काऊन मोजून राह्यले?” मी हसून सोडून दिलं. ते मी सोडायला नको होतं.

कारण काका खरंच मोजत होते. टेकडी वाकडी येते ती आपण रोज वेगळ्या जागी बसतो म्हणून, असं त्यांनी ठरवलं होतं. एका सकाळी मला न सांगता ते टेकडीवर गेले. खाली बसायच्या तीन जागा ठरवल्या होत्या, तिथून नेम धरायला वरच्या तीन खडकांवर पोस्टाच्या लाल रंगात १, २, ३ असे आकडे घातले, प्रत्येक आकड्याला सावली दिली आणि पुढे बाण काढला. मग एका मोठ्या कातळावर दोरी मारून पांढरी सरळ रेघ ओढली. खाली आले ते फार आनंदात होते. “आता येते बरोबर,” म्हणाले.

दुपारी पानं घेऊन परतणाऱ्या बायकांनी ते आकडे पाहिले. खडकावर लाल आकडा आणि बाण याचा अर्थ आमच्या भागात लहान पोरालाही कळतो. कुणीतरी येऊन मोजून गेलं की मागून खाणीची नाहीतर रस्त्याची बोलणी येतात. त्यातून ती टेकडी साधी नव्हती. तिच्या माथ्यावर गावाचा देव होता. संध्याकाळपर्यंत शाळेसमोरच्या मोहाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं. कुणी ओरडलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. भूमिया, म्हणजे गावाच्या देवाचं आणि जमिनीचं बघणारे म्हातारे गृहस्थ, मधे बसले होते. त्यांनी काकांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून ते माडियात काही बोलले. अंगणवाडीच्या ताईंनी मान खाली घालून मला सांगितलं, “ते म्हणतात, मॅडम, तुम्ही आमच्या लेकरांले शिकवता म्हणून आम्ही तुमच्या पाहुण्याले काई विचारलं नाई. तो कोणाचा माणूस हाय?”

सहा वर्षांत या गावाने मला घरातली केली होती. बाळंतपणाला बोलावलं होतं, सणाला जेवू घातलं होतं. ते सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण काका माझ्या आधी उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “कोणाचाच नाई जी,” ते म्हणाले. “पेंटर हावो मी. चुकलो. माह्यी आदत हाय, भिंत दिसली का रेघ मारतो. वर देव हाय हे मले ठाऊक नव्हतं.” मग ते व्हरांड्यात गेले, अकराही चित्रं घेऊन आले आणि सगळ्यांसमोर जमिनीवर मांडली. तेवढ्यातही त्यांनी ती एका ओळीत मांडली.

गाव वाकून बघायला लागलं. मग टेकडीच्या अगदी खाली जिचं घर आहे ती म्हातारी काठी टेकत पुढे आली. एकेका चित्रावरून काठी फिरवत गेली, शेवटच्यापाशी थांबली आणि काहीतरी बोलली. सगळं गाव खो खो हसायला लागलं. खुद्द भूमियासुद्धा तोंडावर पंचा धरून हसले. काका घाबरून माझ्याकडे बघू लागले. ताईंना हसू आवरत नव्हतं. “ती म्हणते, आमच्या टेकडीले डांबर कोणी लावलं?”

काकांनी चित्रांकडे पाहिलं. मग टेकडीकडे पाहिलं. मग तेही हसले. असा मोजणीदार कुठल्याही कंपनीला परवडणार नाही, हे एव्हाना सगळ्यांना पटलं असावं. पण भूमियांनी हसण्यावर सोडून दिलं नाही. खडक होते तसे करून द्यायचे आणि माथ्यावर पाय ठेवायचा नाही, माथा कागदावरही काढायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. काकांनी दोन्ही हात जोडले.

पांढरी रेघ पाण्याने गेली. लाल आकडे जाईनात. पोस्टाचा लाल ऊन, पाऊस, सगळं सोसेल असाच काकांनी घोटून तयार केला होता, आणि आता स्वतःच्याच कारागिरीशी त्यांची गाठ होती. दोन दिवस ते रॉकेल, वाळू आणि दगड घेऊन खडक घासत बसले. मी मदतीला गेले तर मला हाकललं. “मी लिवलं, मीच पुसतो.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. दुपारी ती म्हातारी भोपळ्याच्या तुंब्यात आंबील घेऊन वर आली, खडकावर हात फिरवून बघितला, आंबील त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारीच बसली. तिला मराठी येत नव्हती, यांना माडिया येत नव्हती. पण त्यानंतर ती रोज पानं तोडून परतली की काकांच्या बाजूला येऊन बसू लागली. काका ब्रश भिजवायचे, ती काठीने दाखवायची. इथे बघ. आता इथे बघ. आता नको, ऊन येऊ दे. कधी त्यांच्या हातातला काळ्या रंगाचा ब्रश काढून सरळ बाजूला ठेवायची. चाळीस वर्षांत काकांच्या हातातून ब्रश काढून घेण्याची हिंमत काकूनेही केली नव्हती. काका मुकाट्याने दुसरा उचलायचे.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस मी यादीचं काम आटपून आले तेव्हा दोघंही कागदाकडे बघत बसले होते. कागदावर टेकडी होती. पाटी नव्हती, टेकडी होती. राखाडीतून तांबूस, तांबूसमधून धुरकट निळं होत ती वर गेली होती आणि माथ्याच्या जागी कागद कोरा सोडलेला होता, जणू तिथे ढग येऊन बसला आहे. कुठेही रेघ नव्हती. काका हळू आवाजात म्हणाले, “हिले किनारच नाई बाई. कुठी संपते अन् आभाळ कुठी लागते, समजतच नाई. मी एवढे दिवस काय पाहून राह्यलो होतो?” साठी ओलांडलेला माणूस पहिलीतल्या मुलासारखा माझ्याकडे बघत होता.

पावसाने नाले भरले की आमचा रस्ता बंद होतो, म्हणून त्याआधी काकांना निघावं लागलं. जायच्या दिवशी ते टेकडीचं चित्र घेऊन म्हातारीच्या घरी गेले. तिने ते दोन्ही हातांत धरून बघितलं आणि परत दिलं. ताईंनी सांगितलं, “ती म्हणते, टेकडी तर दारातच हाय, घरात कशाले पायजे? हे तू घेऊन जा. मले तुझ्या गावाचं चित्र दे.” काका एकदम गोंधळले. सावलीच्या प्रत्येक भिंतीवर त्यांनी लिहिलं होतं, पण सावली गाव कधी काढलं नव्हतं.

तो सगळा पावसाळा ते धानाच्या बांधांवर छत्री आणि कागद घेऊन बसत असल्याचं काकूने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात तक्रार होती, पण ती जुनी तक्रार नव्हती. दिवाळीनंतर रस्ता सुरळीत झाल्यावर एका ओळखीच्या कंडक्टरच्या हाती गुंडाळी आली. मी आणि ताई ती घेऊन म्हातारीकडे गेलो. चित्रात सावलीचं शिवार होतं. पाण्याने भरलेल्या बांध्या म्हणजे खाचरं, धानाची रोवणी करणाऱ्या बायकांच्या वाकलेल्या पाठी, लांबवर वैनगंगेच्या बाजूचं ओलं आभाळ. बांध एकही सरळ नव्हता.

म्हातारी अंगणात चित्र पसरून बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. या कडेपासून त्या कडेपर्यंत काहीतरी शोधत होती. मग तिने ताईंना काही विचारलं, ताईंनी नाही म्हटलं, आणि म्हातारी हळहळून चुकचुकली.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“म्हणते, गाव चांगलं हाय, पाणी लय हाय. पण टेकडीच नाई बिचाऱ्याच्या गावाले.” ताई हसल्या. “म्हणते, उन्हाळ्यात इकडंच येत जा म्हणा त्याले.”