दुसऱ्याच्या तोंडातली नळी

निकानोरा चाब्ले मेक्सिकोतल्या कोसुमेल बेटाच्या धक्क्यावर अकरा वर्षं एकच काम करत होती, परक्यांची थुंकी धुण्याचं. क्रूझचं जहाज लागलं की विल्बेर्त मालकाच्या बोटी माणसं भरून प्रवाळाकडे न्यायच्या. ती माणसं तास-दीड तास पाण्यावर पालथी तरंगायची, मासे बघायची, आणि परतली की मास्क न् श्वास घ्यायच्या नळ्या हिच्या पुढ्यात टाकून बिअर प्यायला जायची. तोंडात धरायच्या रबरावर दातांचे व्रण, कधी लिपस्टिक, कधी नाश्त्यातल्या अंड्याचा कण. मास्कच्या काचेला आतून शेंबूड.

घरी गेल्यावर ती कोपरापर्यंत लिंबू चोळायची. नातवाचा उष्टा चमचासुद्धा तिला उचलवेनासा झाला होता.

"आई, ही तुझ्या नातवाची लाळ आहे, जहाजवाल्यांची नाही!" मुलगी चिडायची.

"लाळ ती लाळ," निकानोरा म्हणायची.

एकदाच ती बोटीतून गेली होती. शेजारणीचा रुसेल त्या बोटीवर वाटाड्या होता, त्याने ओढूनच नेलं. नळी तिने तोंडात घेतलीच नाही. श्वास कोंडून चेहरा तेवढा पाण्यात बुडवला. हिरवेनिळे मासे दिसले, जांभळ्या पंख्यांसारखं काहीतरी डुलताना दिसलं. डोकं वर काढलं तर पाण्यावर अंगाला फासलेल्या क्रीमचा तेलकट तवंग. एक जाडा गडी प्रवाळावर टाचा रोवून फोटो काढून घेत होता. त्याच्या पायाखाली काहीतरी कट्‌कन मोडलं.

"मावशी, छान आहे ना?" रुसेलने विचारलं.

"होतं," ती म्हणाली. पुन्हा गेली नाही.

तिच्या कामाचे तीन टब असत: साबणाचा, जंतू मारायच्या औषधाचा आणि गोड्या पाण्याचा. गेल्या मार्चात एकाच दिवशी तीन जहाजं लागली. औषधाचा कॅन सकाळीच संपला. दुपारपर्यंत साबणाचं पाणी राखाडी झालं, वर केस तरंगू लागले. दुसरी फेरी आली तेव्हा रुसेलने नळ्यांचं पोतं टबात रिकामं केलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, यातल्या एकीत एक जण ओकलाय. कुठली ते कळत नाही."

तिसऱ्या फेरीची माणसं उन्हात रांग लावून उभी होती.

"दे पटापट!" मालक ओरडला.

"औषध येईपर्यंत एकही नळी देणार नाही. ओकलेत यात."

"समुद्रातच ओकला ना? खारं पाणी सगळं साफ करतं. यांना काय कळतंय!"

"मग घाला की तुमच्या तोंडात."

ती रागाने बोलून गेली. तो खरंच घालेल असं तिच्या मनातही नव्हतं. विल्बेर्तने टबात हात घातला, लागली ती नळी काढली, झटकलीसुद्धा नाही, आणि रबर दातांत धरून जोरात श्वास ओढला. आत राहिलेलं पाणी गुडगुडलं. ते त्याने गिळलं. मग रांगेकडे बघून दोन्ही हात पसरले. रांगेला वाटलं, नळी कशी वापरायची ते दाखवतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निकानोरा धक्क्याच्या कडेला वाकली आणि सकाळी खाल्लेलं सगळं ओकली. तोंड पुसून परत आली, टबाला दोन्ही हात लावले आणि तो उलथा केला. राखाडी पाणी मालकाच्या बुटांवरून वाहत गेलं. रांगेतल्या पहिल्या बाईने नाक दाबलं आणि नवऱ्याला ओढत जहाजाकडे निघाली. मागोमाग बाकीचेही पांगले.

"उद्यापासून येऊ नकोस!"

"आजच चालले."

तिच्या जागी ठेवलेल्या बाईने चौथ्या दिवशी काम सोडलं. रुसेल परत बोलावल्याचा निरोप घेऊन आला. औषधाचे कॅन माझ्या ताब्यात असतील तरच येईन, असं निकानोराने कळवलं, आणि मालकाने मुकाट्याने कबूल केलं.

आता नळ्या स्वच्छ निघतात. पण मालक जवळ येऊन बोलू लागला की ती मान फिरवते. त्याच्या मिशीत अजून काहीतरी ओलं असेल असं तिला वाटतं.

"माझ्याकडे बघून बोल ना," तो म्हणतो.

"ऐकू येतंय मला," ती म्हणते.